पंख उघडण्याआधी आई-बाप विचारा

कामोठ्याच्या गावठाणात आमचं घर आहे. पुढे ओटा, मागे पडवी आणि पडवीला लागून खुराडं. भातशेती होती तोवर खुराड्याच्या मागे बांध होता, आता तिथे सात मजली सोसायटी उभी आहे. तिच्या बेडरूमच्या खिडक्या बरोबर आमच्या खुराड्यावर उघडतात. गेल्या वर्षी मी एका फिरत्या विक्रेत्याकडून बारा पिल्लं घेतली. त्याने माझ्यासमोर एकेकाचा पंख ओढून दाखवला, ‘पिसं बघा ताई, सगळ्या माद्याच आहेत’ असं सांगितलं आणि मादीचा म्हणून जास्तीचा भाव घेतला. साडेतीन महिन्यांनी त्यातली आठ पिल्लं पहाटे साडेचारला एकापाठोपाठ एक आरवू लागली. सोसायटीतल्या एका काकूंच्या घरात दोन महिन्यांचं बाळ होतं. त्या भांडायला आल्या नाहीत, रडकुंडीला येऊन आल्या. मी रात्री कोंबड्यांवर टोपली घालून पाहिली, वर गोणपाट टाकून पाहिलं. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे लहानपणापासून ऐकलेलं तेव्हा अक्षरशः अनुभवलं.

तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागले. ज्यांना आठ-दहा कोंबड्या पाळायच्या आहेत, घरची अंडी खायची आहेत आणि शेजाऱ्यांशी संबंधही टिकवायचे आहेत, अशा सगळ्यांना हे माहीत असायला हवं. पंखावरून नर-मादी ओळखण्याची खूण थोतांड नाही, ती खरी आहे. मोठमोठ्या हॅचऱ्यांमध्ये रोज हजारो पिल्लं तिच्या आधाराने वेगळी केली जातात. मात्र ती पिल्लाच्या अंगावर नव्हे, त्याच्या आई-बापांवर अवलंबून असते. माझ्या विक्रेत्याने खूण बरोबर दाखवली होती, पण ती चुकीच्या पिल्लांवर दाखवली होती.

आधी ही खूण पाहायची कशी ते सांगते, कारण ती एकदा डोळ्यांनी पाहिली की पुढचं समजणं सोपं जातं.

अंड्यातून बाहेर येऊन एक दिवसही न झालेलं, अंग पूर्ण वाळलेलं पिल्लू डाव्या तळहातात घ्या. त्याची पाठ तुमच्या बाजूला आणि तोंड पुढे असू द्या. मूठ आवळू नका, बोटांचं नुसतं कुंपण करा. उजव्या हाताच्या अंगठ्याने आणि तर्जनीने पंखाचं टोक धरून पंखा उघडावा तसा तो हलकेच उघडा. खिडकीजवळ उभं राहा किंवा मोबाईलचा टॉर्च मागून धरा. बाकी सगळ्या अंगावर मऊ लव असते, पण पंखाच्या कडेला बारीक काड्यांची रांग दिसेल. प्रत्येक काडीच्या टोकाला केसाळ झुपका असतो. नीट पाहिलं तर रांगा दोन आहेत. कडेच्या रांगेची पुढे मोठी होऊन उडण्याची मुख्य पिसं होतात. तिच्या वर, पंखाच्या पाठीकडून येणारी रांग त्या पिसांची मुळं झाकते, म्हणून तिला आच्छादनाची पिसं म्हणतात.

आता लांबी पाहा. कडेची मुख्य पिसं वरच्या आच्छादनाच्या पिसांपेक्षा स्पष्ट लांब असतील, एक लांब एक आखूड अशी उतरंड दिसत असेल, तर ती मादी. दोन्ही रांगा एका लांबीच्या असतील, कात्रीने सारख्या कापल्यासारख्या, किंवा वरचीच रांग खालच्या रांगेपेक्षा पुढे गेली असेल, तर तो नर. पहिल्या चोवीस तासांत हा फरक सर्वांत स्वच्छ दिसतो. दुसऱ्या दिवशीही काम भागतं. त्यानंतर मात्र मागे राहिलेली पिसं भराभर वाढू लागतात आणि फरक पुसट होत जातो. म्हणून आठवड्याच्या पिल्लाचा पंख ओढून कुणी ‘ही मादी’ म्हणालं, तर तिथेच सावध व्हा. माझी पिल्लं पाच-सहा दिवसांची होती. हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

आता या खुणेमागचं कारण. पिसं लवकर फुटणं आणि उशिरा फुटणं हा कोंबड्यांतला एक आनुवंशिक गुण आहे आणि तो लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावरच बसलेला आहे. माणसात पुरुषाची गुणसूत्रं वेगवेगळी, एक्स आणि वाय. पक्ष्यांत उलट असतं. कोंबड्याकडे दोन सारखी, झेड आणि झेड. कोंबडीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. म्हणजे पिल्लू नर होणार की मादी, हे आईच्या अंड्यातच ठरून येतं. पिसांचा गुण झेडवर आहे. मुलीला तिचा एकुलता एक झेड बापाकडून मिळतो, मुलाला एक बापाकडून आणि एक आईकडून. शिवाय उशिरा पिसं फुटण्याचा गुण प्रबळ आहे, जोडीत तो एक जरी असला तरी त्याचंच चालतं.

हे डोक्यात ठेवून एक जोडी लावून पाहा. बाप लवकर पिसं फुटणाऱ्या वंशाचा, आई उशिरा फुटणाऱ्या वंशाची. मुली बापावर जातील, त्यांची पिसं लवकर फुटतील. मुलगे आईकडून उशिराचा प्रबळ गुण घेतील, त्यांची पिसं मागे राहतील. पंख उघडला की उत्तर समोर. पण जोडी उलटी करा, बाप शुद्ध उशिराचा आणि आई लवकरची, तर झाडून सगळी पिल्लं उशिराची होतात. आई-बाप दोघं लवकरचे असतील, तर सगळी पिल्लं लांब पिसांची, म्हणजे त्या खुणेनुसार सगळ्या ‘माद्या’. माझ्या बारा पिल्लांचं बहुधा हेच झालं असावं. विक्रेत्याला बाराही पंखांत लांब पिसं दिसली आणि त्याचा स्वतःचाही कदाचित विश्वास बसला असेल.

या उशिरा फुटण्याच्या गुणाबद्दल नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २००८ साली एक गोष्ट उघड केली. या गुणाच्या कोंबड्यांत झेड गुणसूत्राचा एक छोटा तुकडा दुहेरी झालेला असतो. त्या तुकड्यात प्रोलॅक्टिन या संप्रेरकाची नोंद घेणाऱ्या ग्राहीच्या जनुकाचा भाग आहे. प्रोलॅक्टिन म्हणजे आपली कोंबडी खुडूक बसते तेव्हा तिच्या रक्तात चढतं ते संप्रेरक. एकाच कोंबडीच्या पिसांचा आणि अंड्यांवर बसण्याचा धागा इतक्या खोलवर जवळजवळ यावा, याचं मला अजून नवल वाटतं.

म्हणून पिल्लं घेताना पंख उघडण्याआधी विचारायचं ते त्यांचा वंश. हॅचरीच्या नावाची पावती आहे का, जात कोणती, तिथे ती पंखावरून वेगळी केली जाते का? पांढऱ्या लेगहॉर्नपासून तयार केलेल्या अंड्यांसाठीच्या काही व्यापारी जातींत आई-बापांची जोडी मुद्दाम अशी लावलेली असते. हाय-लाईन डब्ल्यू-३६ ही त्यातली एक. त्याच कंपनीची तपकिरी अंड्यांची जात पंखावरून नाही, लवेच्या रंगावरून ओळखली जाते. काही ब्रॉयलर वंशांतही पंखाची सोय असते, पण पनवेल-कर्जतच्या शेडमध्ये तिचा फारसा उपयोग नाही. आपण बाजारात ‘बॉयलर’ म्हणतो तो पक्षी पाच-सहा आठवड्यांत विकला जातो आणि नर-मादी एकत्रच वाढतात.

आपल्या गावठी कोंबड्यांना हे गणित लागू होत नाही. गावठी कळपात कुणाचा बाप कोण, हे कुणी लिहून ठेवलेलं नसतं. दोन्ही गुण मिसळलेले असतात. एकाच खुडूक कोंबडीखाली निघालेल्या दहा पिल्लांत चार लांब पिसांची आणि सहा आखूड पिसांची निघतील, आणि मोठी झाल्यावर दोन्हीकडे कोंबडेही असतील, कोंबड्याही. दोन स्वच्छ गट पडले म्हणून फसू नका.

हॅचरीतली दुसरी पद्धत पिल्लाच्या मागच्या छिद्राच्या आतली बारीक गाठ पाहण्याची. जपानी तज्ज्ञांनी ती विकसित केली आणि १९२७ साली कॅनडात ओटावाला भरलेल्या जागतिक कुक्कुट परिषदेत जगापुढे मांडली. तिच्यात वंशाची अट नाही, म्हणूनच ती जगभर पसरली. पण त्यासाठी वर्षानुवर्षांचा हात लागतो. एक दिवसाच्या पिल्लाच्या पोटात अजून पिवळा बलक शिल्लक असतो, चुकीचा दाब पडला तर आतली जखम होऊन पिल्लू दगावतं. घरी हा प्रयोग करू नका, मुलांनाही करू देऊ नका.

मग घरच्या पिल्लांचं काय? पिसंच उपयोगी पडतात, पण पहिल्या दिवशी नव्हे. थोडा धीर धरावा लागतो.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून पिल्लांच्या वाढीकडे रोज दोन मिनिटं पाहत बसा. बऱ्याच कळपांत, विशेषतः ऱ्होड आयलंड रेडसारख्या भारी अंगाच्या जातींचं रक्त असेल तर, मादीची शेपटी आधी फुटते आणि पाठ लवकर भरते. नर त्याच वयात पाठीवर आणि खांद्यावर उघडा राहतो, शेपटीच्या जागी नुसता खुंट दिसतो. ही प्रवृत्ती आहे, पुरावा नाही. मी तेव्हा फक्त संशयित म्हणून नोंद करते. एक व्यावहारिक गोष्ट मात्र लगेच करा. आपल्याकडे पावसाळ्यात पिल्लं असतील तर अशी उघड्या पाठीची पिल्लं गारठतात. पहिल्या आठवड्यात ब्रूडरखाली, म्हणजे उबेच्या बल्बखाली, साधारण ३५ अंश सेल्सिअस ऊब द्यायची आणि दर आठवड्याला थोडी कमी करत न्यायची, हा नेहमीचा हिशोब. उघड्या पाठीच्या पिल्लांसाठी बल्ब आठवडाभर जास्त ठेवा. पिल्लं बल्बखाली एकमेकांवर चढून बसली तर थंडी वाजते आहे, भिंतीला लागून पसरली तर उकडतं आहे. आकड्यापेक्षा हे बघणं खरं. खाली भाताचं तूस कोरडं हवं.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात तुरा बोलू लागतो. नराचा तुरा लवकर उठतो आणि लाल होतो, मादीचा पिवळट, बसका राहतो. पण इथेही जात पाहावी लागते. असील रक्ताच्या कोंबड्यांचा तुरा जन्मजात बुटका, वाटाण्यासारखा, त्यावरून लवकर काही कळत नाही. कडकनाथचा तुरा तर काळसर जांभळा, लालीची वाट पाहत बसलात तर पाहतच राहाल. हल्ली कामोठे-खांदेश्वरच्या बाजूला हौशी लोक कडकनाथ आणतात, म्हणून मुद्दाम सांगते. झाबुआच्या कडकनाथला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून ‘कडकनाथ’ म्हणून काळी मिश्र पिल्लंही विकली जातात. त्यांचा वंश तर आणखीच अंधारात.

मला सगळ्यात भरवशाची वाटते ती दहाव्या ते बाराव्या आठवड्याची खूण. तीही पिसांचीच आहे. पक्षी हातात घ्या, शेपटीच्या मुळाशी पाठीवर बोट फिरवा. तिथे नराला नवी पिसं येऊ लागतात, अरुंद, टोकाला निमुळती, कडेला सुट्या धाग्यांची, वर चकाकी असलेली. ती पुढे वाढून शेपटीच्या दोन्ही बाजूंनी खाली लोंबतात. मानेभोवतीही तशीच येतात. मादीची त्याच जागची पिसं रुंद, टोकाला गोल, एकावर एक कौलासारखी बसलेली असतात. मागच्या महिन्यात मी खुराड्यात पडलेली दोन पिसं तळहातावर शेजारी ठेवली. एक ताम्हनातल्या पळीसारखं गोल टोकाचं होतं, दुसरं भाल्यासारखं. रंग दोघांचा एकच तांबूस. एवढी स्पष्ट खूण समोर असताना मी वर्षानुवर्षं फक्त तुऱ्याकडे पाहत होते.

माझ्या शेजारच्या आजी मात्र कायम पाठीकडेच पाहायच्या. मी पिल्लू हातात धरून पंख ओढत बसले की त्या ओट्यावरून म्हणायच्या, ‘ह्यो कोंबरा हाय गो, पाठ बघ त्याची.’ त्यांनी पुस्तक वाचलं नव्हतं, पण कुठे बघायचं ते त्यांना नेमकं ठाऊक होतं.

पिसांचा हा आकार ठरतो तो मादीच्या बीजाशयातून येणाऱ्या संप्रेरकाने. ते रक्तात असेल तर गोल पिसं, नसेल तर टोकदार. कोंबडीचं एकच, डावीकडचं बीजाशय काम करतं. आजाराने ते निकामी झालं, तर पुढच्या पिसं झडण्याच्या वेळी तीच कोंबडी कोंबड्यासारखी टोकदार पिसं घेऊन येते, तुरा वाढतो, कधी कधी आरवतेही. आपल्याकडे कोंबडी आरवली की अपशकुन मानून तिला लगेच मारतात. तिने घरावर कसलंही संकट आणलेलं नसतं. ती आजारी आहे, अंडी बंद झाली आहेत, एवढाच त्याचा अर्थ. तिला वेगळं ठेवा, पशुवैद्यकांना दाखवा. ज्या घरात अजून या भीतीने कोंबडी मारतात, तिथे हे कुणीतरी शांतपणे समजावून सांगायला हवं.

दुसरा समज अंड्याच्या आकाराचा. लांबट, टोकदार अंड्यातून कोंबडा आणि गोल अंड्यातून कोंबडी, असं खुडूक बसवताना अंडी निवडणाऱ्या बायका सांगतात. अ‍ॅरिस्टॉटलने हेच बरोबर उलटं लिहून ठेवलंय, टोकदार अंड्यातून मादी म्हणून. दोघांचंही खरं नाही, कारण अंड्याचा आकार आईच्या गर्भनलिकेवर ठरतो, आत कोण आहे त्यावर नाही. असे समज टिकतात याचं कारण साधं आहे. उत्तरं दोनच असल्यामुळे अंदाज ठोकणारा निम्म्या वेळा बरोबरच येतो, आणि बरोबर आलेलं आपल्या लक्षात राहतं. उबवणीचं तापमान कमी-जास्त करून माद्या काढता येतात, असंही सांगणारे भेटतात. कोंबडीच्या अंड्यात लिंग आधीच ठरलेलं असतं. एकवीस दिवसांत उष्णता बिघडली तर पिल्लं मरतील, माद्या वाढणार नाहीत.

त्याच जोडीला एक हिशोब सांगते, त्याने मनातला राग थोडा निवळतो. मिश्र बारा पिल्लं घेतली तर सहा-सहा निघावीत असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात पाचातून एका वेळी बारात आठ किंवा त्याहून जास्त नर निघू शकतात, निव्वळ योगायोगाने. म्हणजे माझे आठ कोंबडे हा फसवणुकीचा पुरावा नव्हता. मादीचा भाव घेऊन मिश्र पिल्लं देणं ही माझी खरी तक्रार. ‘मिश्र’ म्हणून घ्या, मिश्राचा भाव द्या आणि आठ नर निघतील असं धरूनच जागेची तयारी ठेवा.

आणि रंगीत पिल्लं. गुलाबी, हिरवी, जांभळी, टोपलीत चिवचिवणारी. मानसरोवर स्टेशनच्या बाहेर, आठवडी बाजारात, शाळा सुटायच्या वेळी ती दिसतात. मुलं हट्ट धरतात. या पिल्लांमध्ये बहुतेक वेळा अंडी देणाऱ्या जातींचे नर असतात. हॅचरीत माद्या वेगळ्या काढल्या की त्या जातीचे नर कुणालाच नको असतात, कारण ते अंडी देत नाहीत आणि ब्रॉयलरसारखे मांसही धरत नाहीत. म्हणून ते कवडीमोलाने बाहेर पडतात आणि रंगवून विकले जातात. जगभर हा प्रश्न आहे. जर्मनीने असे नर पिल्लू असतानाच मारण्यावर २०२२ पासून बंदी घातली आणि तिथे अंड्यातच लिंग ओळखण्याची यंत्रं आली. आपल्याकडची ही पिल्लं ऊब आणि लस न मिळाल्याने बहुतेक आठवड्याभरात मरतात, मुलाच्या हातातच. जी जगतात ती आरवतात. ती खेळणं म्हणून घेऊ नका. मुलाला कोंबडी पाळायचीच असेल, तर दोन-अडीच महिन्यांच्या दोन तलंगा आणून द्या. तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी.

तलंगांचा हा मार्ग मी सगळ्यांनाच सुचवते. राज्याच्या पशुसंवर्धन विभागाच्या योजनेतही दोन प्रकार आहेत. एक म्हणजे १०० एकदिवसीय पिल्लांचा गट, दुसरा म्हणजे आठ ते दहा आठवड्यांच्या २५ तलंगा आणि ३ नर असा गट, दोन्ही ५० टक्के अनुदानावर. हा ‘२५ अधिक ३’ आकडा मला फार शहाणपणाचा वाटतो. त्या वयाला ब्रूडरची जोखीम संपलेली असते, नर-मादी डोळ्यांना दिसू लागलेले असतात आणि आठ-दहा माद्यांमागे एक नर हे प्रमाणही जमतं. योजनेच्या अटी आणि तारखा बदलत असतात, पनवेलच्या पशुसंवर्धन कार्यालयात प्रत्यक्ष जाऊन विचारा. मुंबईत गोरेगावला आरे कॉलनीत केंद्र सरकारची कुक्कुट विकास संस्था आहे, तिथे सुधारित जाती आणि प्रशिक्षण यांची चौकशी करता येते.

फक्त अंडी खायची असतील, तर एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. नर लागतच नाही. कोंबडी नराशिवायही तेवढीच अंडी घालते, फक्त त्यातून पिल्लं निघत नाहीत. कामोठ्यासारख्या दाटीच्या ठिकाणी पाच तलंगा आणि एकही कोंबडा नाही, हा सर्वांत शांत संसार. आधी महानगरपालिकेचे आणि तुमच्या सोसायटीचे नियम विचारून घ्या, शेजाऱ्यांना पिल्लं आणण्यापूर्वी सांगा, नंतर नाही.

घरीच पिल्लं काढायची असतील, तर रंगाची एक जुनी युक्ती करून पाहण्यासारखी आहे. अंगावर आडव्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या असलेली कबरी कोंबडी, प्लायमाउथ रॉक रक्ताची, तुमच्याकडे असेल आणि तिच्यावर ऱ्होड आयलंड रेडसारखा साधा तांबडा, पट्ट्या नसलेला कोंबडा सोडला, तर पिल्लं काळसर लवेची निघतात. ज्यांच्या डोक्यावर पांढरट ठिपका तो नर, ज्यांचं डोकं काळंभोर ती मादी. पट्ट्यांचा गुणही झेडवरच आहे आणि प्रबळ आहे, म्हणून तो आईकडून फक्त मुलग्यांना मिळतो. पंखाचंच गणित, पण रंगात लिहिलेलं. मात्र कोंबडी नेमकी पट्टेवालीच हवी, नुसते ठिपके असलेली चालत नाही. कोंबडा पांढरा नको, पांढऱ्याखाली पट्ट्यांचा गुण लपलेला असू शकतो. आणि हे फक्त पहिल्या पिढीपुरतं. त्याच पिल्लांना आपसात सोडलंत की खूण गेली.

पंखाची खूण तुमच्या कळपात लागू आहे की नाही, हे तपासण्याचा रस्ता एकच, वही. पिल्लू निघालं त्या दिवशी पंख पाहा, लांब की सारखा ते लिहा आणि पायात रंगीत प्लास्टिकचं कडं घाला. दोरा बांधू नका. पाय जाडावतो, दोरा कातडीत रुततो आणि पिल्लू लंगडं होतं. एकदा माझ्याकडून हे झालं आहे. कडं दर दोन आठवड्यांनी बदलावं लागतं. मध्ये एखाद्याचं निघून गेलं तर ओळख राहावी म्हणून मी नखाला नेलपॉलिशही लावते, लांब पिसांच्यांना लाल, सारख्यांना निळं. बाराव्या आठवड्यात पाठीची पिसं पाहून शेजारच्या रकान्यात खरं काय ते लिहा. वीस-पंचवीस पिल्लांत लांब पिसांची जवळजवळ सगळी माद्या आणि सारख्या पिसांची जवळजवळ सगळी नर निघाली, तर तुमच्या कोंबड्या-कोंबडीची जोडी योग्य पडली आहे, तीच जपा. निम्मी-निम्मी निघाली, तर पंख पाहणं सोडून द्या. पिल्लं हाताळल्यावर दर वेळी साबणाने हात धुवा, लहान मुलांचे तर नक्की.

कोंबडे निघाले म्हणून हळहळू नका. आपल्या भागात गावठी कोंबड्याला मागणी आहे. आषाढात गटारीच्या आधीचे पंधरा दिवस, राखणीच्या वेळी, जत्रेच्या वेळी लोक घरी विचारत येतात. पिल्लं केव्हा काढायची, हे त्या हिशोबाने मागे मोजून ठरवता येतं. फेब्रुवारीत निघालेला कोंबडा जुलैत विकण्याजोगा होतो. मात्र बारा आठवड्यांनंतर कोंबडे वेगळे ठेवा, नाहीतर ते तलंगांच्या पाठीची पिसं उपटून काढतात आणि एकमेकांना रक्तबंबाळ करतात.

सध्या माझ्या खुराड्यात नऊ आठवड्यांची अकरा पिल्लं आहेत, घरच्याच खुडूक कोंबडीखालची. वहीत सातांपुढे मादी लिहिलंय, तिघांपुढे नर. अकराव्याचा तुरा लाल आहे पण पाठ अजून गोल पिसांची, त्याच्यापुढे मी प्रश्नचिन्ह ठेवलंय. तीन आठवड्यांनी पुन्हा पाहीन, तोवर सोसायटीतल्या काकूंना सांगून ठेवलंय की एखादा आरवलाच तर मला लगेच फोन करा.